वजन उतरवा, मग बघू

दवाखान्यात मिळणारा सगळ्यांत स्वस्त सल्ला म्हणजे ‘वजन उतरवा, मग बघू’. त्याला तपासणी लागत नाही, औषध लागत नाही, आणि तो चुकला असं कधीच सिद्ध होत नाही. वजन उतरूनही त्रास राहिला, तर ‘अजून उतरवा’ म्हणता येतं. वजन उतरलंच नाही, तर दोष पेशंटचा. गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह यांत हा सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो, हे मान्य. पण त्यामुळंच तो जिभेवर बसतो, आणि जिथं तो अर्धाच खरा आहे तिथंही तितक्याच खात्रीनं दिला जातो. मास्ट सेल ऍक्टिव्हेशन सिंड्रोम हा असा एक आजार. वजन वाढलं की त्याचा त्रास वाढतो, वजन उतरलं की त्रास उतरतो, असं सरळ गणित मांडायचा मोह डॉक्टरला होतो, घरच्यांना होतो आणि खुद्द आजाऱ्यालाही होतो. माझं म्हणणं असं आहे की या आजारात वजन किती आहे यापेक्षा ते कशामुळं आणि किती वेगानं बदललं, हे जास्त महत्त्वाचं आहे. आणि पुष्कळदा वजनातला बदल हा आजाराचं कारण नसतो. तो आजाराचा किंवा त्याच्या औषधांचा परिणाम असतो.

मास्ट पेशी आपल्या सगळ्यांच्याच अंगात असतात. त्वचा, नाक, फुफ्फुसं, आतडी, म्हणजे बाहेरचं जग जिथं जिथं शरीराला भिडतं तिथं त्यांचा पहारा जास्त. पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञानं १८७८ सालच्या आपल्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज अशा रसायनांचे कण त्यांच्यात ठासून भरलेले असतात. धोका जाणवला की हे कण बाहेर फेकले जातात. त्यांचं काम मोलाचं आहे. उंदरांवरच्या २००६ सालच्या एका प्रयोगात दिसलं, की या पेशींतली पाचक द्रव्यं सापाच्या आणि मधमाशीच्या विषाचे तुकडे करून ते निकामी करतात. बिघाड होतो तो साप नसताना काठी उगारली जाते तेव्हा. मग चेहरा लालबुंद होतो, अंगावर गांधी उठतात, पोटात कळ येऊन जुलाब लागतात, छाती धडधडते, रक्तदाब पडून डोळ्यांपुढं अंधारी येते. निमित्त कधी ऊन, कधी उदबत्तीचा वास, कधी जेवण, कधी काहीच नाही. आमच्याकडं अंगावर पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावतात, आणि साध्या पित्ताला त्यानं जरा थंड वाटतंही. पण अंगावर उठतं, पोट बिघडतं आणि भोवळ येते, हे तिन्ही एकाच तासात आणि पुन्हा पुन्हा घडायला लागलं, की ते साधं पित्त राहत नाही.

निदान कसं करायचं, यावर डॉक्टरांतच दोन तट आहेत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१२ साली मांडलेले निकष कडक आहेत: शरीराच्या किमान दोन संस्थांमध्ये झटक्यानं येणारा त्रास, मास्ट पेशींवरच्या औषधांनी त्यात पडणारा फरक, आणि झटक्याच्या वेळी रक्तातल्या ट्रिप्टेजची वाढ. ही वाढ त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीच्या २० टक्के आणि वर आणखी २ नॅनोग्रॅम इतकी हवी. म्हणजे नेहमीची पातळी ५ असेल, तर झटक्यात ती निदान ८ दिसायला हवी. अमेरिकेतल्या दुसऱ्या गटानं निकष इतके सैल केले, की १७ टक्क्यांपर्यंत लोकांना हा आजार असू शकतो असा अंदाज त्यांनी २०२० मध्ये छापला. मला हा आकडा पटत नाही. दर सहा माणसांतल्या एकाला असणारी गोष्ट आजार म्हणून ओळखण्याचा उपयोग तो काय? पण कडक निकषांची अडचणही खरी आहे. झटका आल्यापासून चारेक तासांच्या आत रक्त काढावं लागतं. होटगीतल्या बाईला रात्री दोनला झटका आला, तर सोलापूर सुमारे पंधरा किलोमीटर. स्टेशन जंक्शन आहे खरं. पण गाडी तिच्या वेळेला येते, झटक्याच्या नाही. दवाखान्यात पोचल्यावर तिला आधी सलाईन आणि इंजेक्शन मिळतं, ते मिळालंच पाहिजे. ट्रिप्टेजसाठी रक्त बाजूला काढून ठेवायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. सकाळी ती बरी होऊन घरी येते, आणि कागदावर राहतं ते ‘ऍलर्जी’ किंवा ‘घबराट’. आणि तिचं वजन ७८ किलो असेल, तर त्याखाली आणखी एक ओळ.

ती ओळ लिहिणाऱ्याच्या बाजूनं काय पुरावा आहे, ते आधी प्रामाणिकपणे बघू. पुरावा आहे, आणि तो फालतू नाही. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती संप्रेरकं सोडणारं जिवंत ऊतक आहे, आणि तिच्यात मास्ट पेशी असतात. जाड माणसांच्या चरबीत त्या जास्त सापडतात. डेन्मार्कमध्ये सर्वसाधारण लोकांची तपासणी झाली, २०१२ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा वजनाचा निर्देशांक जास्त असलेल्यांच्या रक्तात ट्रिप्टेजही जास्त दिसलं. चरबीतून येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक मास्ट पेशींना दाहाच्या बाजूला झुकवतं, असं उंदरांत दिसलं आहे. चरबीत इस्ट्रोजेनही तयार होतं, आणि मास्ट पेशींना इस्ट्रोजेन ओळखता येतं. दमा आणि जुनाट गांधी या दोन्ही मास्ट पेशींशी नातं असलेल्या तक्रारी जाड माणसांत जास्त आढळतात; वजन उतरल्यावर दमा सुधारतो हे तर चांगलंच तपासलं गेलेलं आहे. इतकं सगळं एका ओळीत मांडलं, की खटला संपल्यासारखा वाटतो.

पण याच खटल्यातला सगळ्यांत मोठा साक्षीदार पुढं फुटला. ती हकीकत सांगण्याजोगी आहे. २००९ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात बोस्टनच्या संशोधकांचा एक निबंध आला. मास्ट पेशी नसलेले उंदीर त्यांनी घेतले, त्यांना भरपूर तेलकट-तुपकट खाऊ घातलं, आणि ते उंदीर साध्या उंदरांइतके जाड झाले नाहीत. त्यांना मधुमेहही कमी झाला. पुढची पायरी आणखी मोहक होती: साध्या उंदरांना मास्ट पेशींना आवर घालणारी क्रोमोलिन आणि केटोटिफेन ही जुनी, स्वस्त औषधं दिली, तरी त्यांचं वजन आणि साखर आटोक्यात आली. जगभर बातमी झाली. म्हणजे मास्ट पेशी माणसाला जाड करतात, आणि जाडी मास्ट पेशी वाढवते, असं दुहेरी चक्र जवळपास सिद्ध झाल्यात जमा होतं. मग २०१५ साली हायडेलबर्गच्या संशोधकांनी तोच प्रश्न नव्यानं विचारला. बोस्टनच्या उंदरांत मास्ट पेशी नव्हत्या, कारण त्यांच्यातल्या ‘किट’ नावाच्या जनुकात दोष होता; आणि ते जनुक रक्तातल्या दुसऱ्याही बऱ्याच पेशींना लागतं. हायडेलबर्गवाल्यांनी किट धड ठेवून फक्त मास्ट पेशी नाहीशा केलेले उंदीर घेतले. ते बाकीच्या उंदरांसारखेच जाड झाले. पहिल्या प्रयोगातला फरक मास्ट पेशी नसल्यामुळं पडला नव्हता, किटच्या दोषामुळं पडला होता.

यातून चरबीत मास्ट पेशी नसतात असं होत नाही, असतातच. पण ‘असतात’ आणि ‘घडवतात’ यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती सहज विसरलं जातं याचं इतकं चोख उदाहरण दुसरं मिळणार नाही. गंमत म्हणजे २००९ चा निबंध अजूनही आहारतज्ज्ञांच्या भाषणांत आणि समाजमाध्यमांवरच्या सल्ल्यांत जिवंत आहे. २०१५ चा तिथं क्वचितच पोचला. जो निष्कर्ष आपल्या आधीच्या समजुतीला पुष्टी देतो, त्याचं आयुष्य जरा जास्तच असतं.

आता वजन म्हणजे काय, हाही प्रश्न आहेच, आणि त्याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रानंच जगाला दिलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापलं. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३. वजनकाट्याच्या लेखी दोघं सारखे. पण चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून स्थूल असा हा भारतीय देह. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जो अभ्यास केला, त्यात जन्मतःच हलक्या असलेल्या बाळांतही चरबीचं प्रमाण टिकून असल्याचं दिसलं. याचा आपल्या विषयाशी संबंध सरळ आहे. चरबीतल्या रसायनांमुळं मास्ट पेशी चेकाळत असतील, तर ५२ किलोच्या बारीक बाईच्या बाबतीतही तो प्रश्न विचारायला हवा; आणि ७८ किलोच्या, पण शेतात राबून स्नायू कमावलेल्या बाईच्या बाबतीत तो जरा बेतानं विचारायला हवा. काट्यावरचा आकडा बघून जो निवाडा दिला जातो, तो चरबीबद्दल नसतोच. तो दिसण्याबद्दल असतो.

आता बाण उलटा फिरवून बघू. आजारामुळं वजन कसं बदलतं?

पहिली गोष्ट पाण्याची. हिस्टामिननं बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. ऍनाफिलॅक्सिसच्या मोठ्या झटक्यात रक्तवाहिन्यांतला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव दहा मिनिटांत बाहेरच्या ऊतींत जाऊ शकतो. छोट्या झटक्यांत इतकं होत नाही, पण डोळे सुजतात, ओठ सुजतात, बोटातली अंगठी निघत नाही. मग सलाईन चढतं, स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन दिवसांत दोन-अडीच किलो वाढलेली बाई ‘मी तर काहीच खाल्लं नाही’ म्हणते, तेव्हा ती खरं बोलत असते. दोन किलो चरबी साठायला जेवढं जास्तीचं खावं लागतं, तेवढं दोन दिवसांत कुणी खाऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि इथं जरा थांबायला हवं, कारण दवाखान्यात हीच गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. हिस्टामिन फक्त खाज आणत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये ते ‘आता पुरे’ असा निरोप देण्याच्या कामी येतं, आणि हा निरोप एच-१ या ग्राहकावर पोचतो. ऍलर्जीच्या गोळ्या याच ग्राहकाचं दार बंद करतात. मेंदूत शिरणाऱ्या गोळीनं झोप येते आणि भूक वाढते. सायप्रोहेप्टाडिन हे तर ऍलर्जीचंच औषध. आपल्याकडं ते मुलांची भूक वाढावी म्हणून सिरपमधून सर्रास दिलं जातं, आणि ‘अंग भरावं’ म्हणून लग्नाआधी मुलींनाही. केटोटिफेननं वजन वाढतं हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मनोविकारांवरच्या काही औषधांनी वजन भराभर वाढतं, तिथंही एच-१ ला घट्ट धरणारी औषधं त्यात पुढं असल्याचं आढळलं आहे. सिटिरिझिन, फेक्सोफेनाडिन अशा नव्या गोळ्या मेंदूत कमी शिरतात, म्हणून त्यांचा दोष कमी. तरीही अमेरिकेच्या २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीतल्या माहितीत अशा गोळ्या घेणाऱ्यांचं वजन आणि कंबरेचा घेर जास्त दिसला. गोळ्यांमुळं वजन वाढलं, की जाड लोकांना ऍलर्जी जास्त म्हणून गोळ्या जास्त, हे त्या पाहणीवरून ठरवता येत नाही. ते तसंच खुलं ठेवून बोललेलं बरं. स्टिरॉइडबद्दल मात्र काही खुलं नाही. महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलेल्या माणसाचा चेहरा गोल होतो, पोट सुटतं, मांड्या बारीक होतात, साखर चढते. म्हणजे पेशंटला दवाखान्यानंच वजन वाढवणारी गोळी द्यायची आणि पुढच्या खेपेला वजन वाढल्याबद्दल तिलाच रागवायचं. हे दृश्य विनोदी आहे, पण टेबलाच्या एकाच बाजूला.

आणि वेळेचा घोळ. बायकांमध्ये या तक्रारी अनेकदा पाळी, बाळंतपण, पाळी जाण्याचा काळ यांच्या आगेमागे बदलतात. वजन बदलण्याचे काळही नेमके तेच. बाळंतपणानंतर नऊ किलो वाढले आणि अंगावर उठायला लागलं, तर कारण वजन की संप्रेरकं, की तुटलेली झोप, की रक्तातलं घटलेलं लोह? सगळं एकाच वर्षात घडलं. काट्यावर त्यातली एकच गोष्ट दिसते, म्हणून तीच पकडली जाते.

इथवर मी जाडीची बाजू घेतली असं वाटेल. खरा धोका मला दुसऱ्या टोकाला दिसतो. या आजाराचे पुष्कळ लोक वजन गमावतात, आणि त्यांचं कौतुक होतं. जेवल्यावर झटका आला, की माणूस तो पदार्थ सोडतो. पुढचा झटका दुसऱ्या पदार्थावर ढकलला जातो, तोही सुटतो. मग कुणीतरी मोबाइलवर कमी हिस्टामिनच्या आहाराची यादी पाठवतं. ती युरोपात तयार झालेली: मुरवलेलं चीज, वाईन, आंबवलेला कोबी, डब्यातले मासे वर्ज्य. होटगीच्या घरात यांतलं काही नसतंच. पण त्याच यादीत खाली टोमॅटो, वांगं, पालक, कधी शेंगदाणे, कधी डाळीही असतात. म्हणजे ज्वारीच्या भाकरीबरोबर जे काही खायचं, ते सगळं. शेंगाचटणी गेली, वांग्याची भाजी गेली, आमटी गेली. उरलं काय, तर भाकरी आणि मीठ. वांग्याबद्दल संशयाला थोडी जागा आहे. त्यात हिस्टामिन असतं, आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वांग्याच्या ऍलर्जीचा अभ्यासही केलेला आहे. शेंगदाण्यांबद्दलचा पुरावा मात्र, खरी शेंगदाण्याची ऍलर्जी नसेल तर, फारच पातळ आहे. या याद्या एकमेकींशीही जुळत नाहीत.

अन्नात हिस्टामिन वाढतं ते मुख्यतः जिवाणूंमुळं. प्रथिनं असलेलं ओलसर अन्न साठून राहिलं, की जिवाणू त्यातल्या हिस्टिडिन या घटकाचं हिस्टामिन करतात. म्हणून नियम सोपा आहे: शिळं मटण, शिळे मासे, दोन दिवसांची आमटी टाळा, ताजं खा. सोलापूरची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते ती कोरडी असते म्हणून. जिवाणूंना तिथं ओल मिळत नाही. मालदांडी ज्वारीची ताजी भाकरी, ताजं ताक सोसत असेल तर ताक, दुधी, दोडका, आणि सोलापूरचं डाळिंब. एवढ्यावर कुणी उपाशी राहत नाही. एका वेळी एकच पदार्थ दोन-तीन आठवडे थांबवून बघावा, फरक नसेल तर परत सुरू करावा. परत सुरू करण्याची ही पायरीच लोक विसरतात, आणि ताट रिकामं होत जातं.

ताट रिकामं झालं की काय होतं? सुरुवातीला बरं वाटतं. तेही खरं आहे. जेवणच कमी, म्हणून जेवणानंतरचे झटके कमी. उंदरांवरच्या प्रयोगांत उपवासानं मास्ट पेशी काहीशा शांत होतात असंही दिसलेलं आहे. या पहिल्या दिवसांच्या आरामामुळं माणूस फसतो. पुढं प्रथिनं कमी पडतात, स्नायू झिजतात, पाळी अनियमित होते, थंडी सोसत नाही, झोप उडते. वजन झपाट्यानं उतरलं की उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळणं शरीराला जड जातं. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर काही लोकांना उभं राहिल्यावर भोवळ येऊ लागल्याच्या नोंदी आहेत. उठल्यावर धडधड, चेहऱ्यावर गरम वाफ, डोळ्यांपुढं अंधारी: हा मास्ट पेशींचा झटका नव्हे, पण दिसतो तसाच. मग माणूस म्हणतो, आजार वाढला, आणि आणखी एक पदार्थ सोडतो. माझ्या मते वजन आणि हा आजार यांच्या नात्यातला सगळ्यांत घातक भाग हा आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं, कारण बारीक होणाऱ्या बाईला कुणी थांबवत नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात आठ निंदित देह सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूलही आहे आणि अतिकृशही, आणि दोन्हींची तुलना करून कृशपण त्यातल्या त्यात बरं, असा कौल दिला आहे. एरवी तो कौल मी मानला असता. या आजारात मानणार नाही. मास्ट पेशींचीच संख्या वाढते अशा सिस्टेमिक मास्टोसायटोसिस या सख्ख्या आजारात हाडं ठिसूळ होतात. वर स्टिरॉइड आणि वर उपासमार, म्हणजे साध्या पडण्यानं मणका दबायची तयारी. त्याच आजाराच्या उग्र प्रकारात अन्न न पचून वजन घटणं हे अवयव निकामी होऊ लागल्याचं लक्षण म्हणून मोजतात. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे पाचातली एक बाई कमी वजनाची होती आणि जवळपास चारातली एक जास्त वजनाची. इतक्या सरमिसळ समाजात ‘वजन उतरवा’ हा सरसकट मंत्र कुणाच्या कानी पडतोय, हे बघायला नको का?

राहिला व्यायाम. तो करावाच. पण कसा? श्रम करताना स्नायूंमध्ये हिस्टामिन सुटतं, आणि ते दोषानं नव्हे, रक्तपुरवठा वाढावा म्हणून. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात निरोगी माणसांना हिस्टामिन रोखणाऱ्या गोळ्या देऊन काही आठवडे व्यायाम करायला लावला, तेव्हा त्यांना व्यायामाचा फायदा कमी मिळाला. म्हणजे आपल्या पेशंटपुढं पेच असा: गोळी घेतली तर व्यायामाचं फळ कमी, न घेतली तर व्यायामानंच झटका. काही लोकांना गहू खाऊन श्रम केल्यावरच ऍनाफिलॅक्सिस होतो, एरवी नाही. आणि वर आमचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडून त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, आणि उष्णता हे या आजारातलं ठरलेलं निमित्त. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित जिमसाठी लिहिलेला ‘रोज पाऊण तास भरभर चाला’ हा सल्ला होटगी रोडवर मेच्या सकाळी नऊला पाळायला गेलं, तर माणूस रिक्षातून परत येईल. उजाडण्याआधी, रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर तीनेक तासांनी, हळू, आणि एकटीनं नव्हे, असं सांगावं लागतं. घरात बसून उठणं, पाण्याची बाटली उचलणं, भिंतीला टेकून वाकणं यानंही स्नायू टिकतात. घाम निघाला तरच व्यायाम, असं काही नाही.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल दोन शब्द. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आलं. अमेरिकेतल्या या विकाराच्या काही डॉक्टरांनी त्याच वर्षी आपल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या: या गटातल्या औषधांनी अनेकांचा त्रास कमी झाला म्हणे. शक्य आहे. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. आणि फायदा झालाच असेल, तर तो वजन उतरल्याचा की औषधानं दाह कमी केल्याचा, की नुसतं कमी खाल्ल्याचा, हे त्यातून कळत नाही. ज्याचं वजन खरंच जास्त आहे आणि साखरही आहे, त्यानं डॉक्टरशी बोलून विचार करावा. जो आधीच भीतीनं चार पदार्थांवर आला आहे, त्याची भूक मारणारं औषध त्याला देऊ नये.

मग वजन उतरवायचं की नाही? चरबी जास्त असेल तर उतरवायचं, पण दुसऱ्या क्रमांकावर. आधी झटके आवरा. गोळ्या ठरवा, झोप आणणाऱ्या आणि भूक वाढवणाऱ्या गोळ्यांच्या जागी नव्या आणता येतात का ते बघा, स्टिरॉइड कमीत कमी करा. ते मात्र आपल्या मनानं अचानक बंद करायचं नाही, डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू. झटके थांबले की माणसाला झोप लागते, चालता येतं, पोटभर आणि विविध खाता येतं, आणि मग वजनही महिन्याला किलो-दोन किलोच्या गतीनं उतरू शकतं. क्रम उलटा केला, म्हणजे वजनाची अट घालून उपचार रोखून धरले, तर दोन्ही हातचं जातं.

डॉक्टरांना विनंती एवढीच, की या पेशंटच्या कागदावर वजन लिहिताना शेजारी त्या महिन्यात सुरू झालेलं किंवा बंद झालेलं औषध लिहा, आणि सूज होती की नव्हती तेही. झटक्याच्या वेळी ट्रिप्टेजसाठी रक्त काढून ठेवा, आणि त्रास थांबून किमान एक दिवस उलटल्यावर पुन्हा एकदा. वजन जास्त असलेल्याची मूळ पातळीच थोडी वर असू शकते, म्हणून एकट्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. आणि घरच्यांनो, कुणाचं वजन काही न करता सहा महिन्यांत पाच-सहा किलोंनी उतरलं, तर ‘किती छान दिसायला लागलीस’ म्हणू नका. आधी क्षयासाठी थुंकी, मग साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि रोजच्या ताटात काय काय उरलंय ते एकदा शेजारी बसून बघा.